मदत हवी आहे: इमेज लॅपटॉपवर बनते, बिल्ड सर्व्हरवर मात्र पॅकेज मिळत नाही

पावतीवाला

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेसाठी पावत्या आणि मुदत ठेवींची प्रमाणपत्रं छापणारं आमचं छोटंसं सॉफ्टवेअर आहे. पायथन, जँगो (पायथनची वेब चौकट) आणि सगळं डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एका डबाबंद 'इमेज'मध्ये. पावतीचं एचटीएमएल पान बनवायचं आणि डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफने त्याची पीडीएफ करायची, एवढा मामला. (त्या पॅकेजला पुढे नुसतं 'डब्ल्यूके' म्हणतो, बोटं दुखतात.) सभासदांच्या सहीचे नमुने स्कॅनमधून कापायला ओपनसीव्ही वापरतो.

कितीतरी महिने बिनबोभाट चालू होतं. डॉकरफाइलला (इमेज बनवायची कृती) कुणी हात लावलेला नाही, गिटमध्ये बघून सांगतोय. तरी आता बिल्ड सर्व्हरवर (इमेज आपोआप बनवणाऱ्या यंत्रावर) इमेज बनेना. माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल, तीच शाखा, आणि चकाचक बनते.

डॉकरफाइलचा कामाचा भाग असा (देवनागरीत लिहितोय, समजून घ्या):

फ्रॉम पायथन:३.११-स्लिम
रन एपीटी-गेट अपडेट
रन एपीटी-गेट इन्स्टॉल -वाय डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स लिबग्लिब२.०-०

आणि सर्व्हरवरचा लॉग:

गेट:१ डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन ट्रिक्सी इनरिलीज
…
रीडिंग पॅकेज लिस्ट्स… डन
ई: पॅकेज 'डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ' हॅज नो इन्स्टॉलेशन कँडिडेट
ई: पॅकेज 'लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स' हॅज नो इन्स्टॉलेशन कँडिडेट
एक्झिट कोड: १००

महिनाअखेरीच्या पावत्या तोंडावर आल्यात. कुणाला काही सुचतंय का?

क्लाउडकर

डीएनएस बघा आधी. कंपनीच्या नेटवर्कवर प्रॉक्सी असेल तर एपीटी (पॅकेजं बसवणारं साधन) हमखास रुसतं. आमच्याकडे डॉकर डीमनच्या सेटिंगमध्ये वेगळा डीएनएस दिला आणि गाडी सुरू झाली.

पावतीवाला

धन्यवाद, पण नेटवर्क नसावं. अपडेटची पायरी पूर्ण होते, याद्या उतरतात. रडतं ते फक्त इन्स्टॉलला.

कमांडताई

नेटवर्क नाहीच. उत्तर तुमच्याच लॉगच्या पहिल्या ओळीत बसलंय: 'ट्रिक्सी'.

'पायथन:३.११-स्लिम' या टॅगमध्ये पायथनची आवृत्ती ठरलेली आहे, पण खाली कुठलं डेबियन (इमेजच्या तळाचं लिनक्स) आहे ते तुम्ही सांगितलेलंच नाही. ते इमेज बनवणारे ठरवतात. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, प्रसिद्ध झालं आणि त्याच महिन्यात हे बिनानावाचे स्लिम टॅग बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर सरकले. तुमची फाइल जागच्या जागी आहे, जमीन सरकली.

लॅपटॉपवर का चालतं? तिथे जुनी बेस इमेज पडून आहे. आधीच उतरवलेली इमेज असली की बिल्ड करताना साधारणपणे तीच वापरली जाते, मुद्दाम --पुल म्हटल्याशिवाय नवी बघायला कुणी जात नाही. बिल्ड सर्व्हर बहुतेक दर वेळी कोऱ्या पाटीने सुरू होतो, त्यामुळे तो आजची इमेज आणतो.

दोन्हीकडे हे चालवा आणि काय येतं ते इथे टाका:

डॉकर रन --आरएम पायथन:३.११-स्लिम कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज

पावतीवाला

ताई, अचूक! लॅपटॉपवर 'डेबियन जीएनयू/लिनक्स १२ (बुकवर्म)', सर्व्हरवर '१३ (ट्रिक्सी)'. आणि लॅपटॉपवर --पुल आणि --नो-कॅश लावून बिल्ड केलं तर तिथेही तीच एरर आली. चला, निदान आता दोघे एकाच भाषेत रडतायत.

पण म्हणजे ट्रिक्सीत डब्ल्यूके नाहीच? नाव बदललंय की काढूनच टाकलंय?

टर्मिनलतात्या

तुमच्या यादीतल्या तिन्ही पॅकेजांची तीन वेगळी प्रकरणं आहेत, एका फटक्यात सुटणार नाहीत.

त्याआधी एररबद्दल. 'अनेबल टू लोकेट पॅकेज' आली तर एपीटीला ते नावच माहीत नाही: अपडेट झालेलं नाही, स्पेलिंग चुकलंय, किंवा पॅकेज त्या आवृत्तीत नाही. 'नो इन्स्टॉलेशन कँडिडेट' म्हणजे नाव कुठेतरी नोंदलेलं आहे, दुसरं एखादं पॅकेज त्याचा उल्लेख करतं, पण बसवण्याजोगी एकही प्रत यादीत नाही. ही दुसरी एरर दिसली की मी नेटवर्ककडे बघत नाही, सरळ पॅकेजेस.डेबियन.ऑर्गवर जाऊन ते पॅकेज कुठल्या आवृत्तीपर्यंत होतं ते पाहतो. कंटेनरच्या आत बसून बघायचं तर एपीटी-कॅश पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव.

लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स: हे बरीच वर्षं नुसतं पाटीपुरतं पॅकेज होतं. बुकवर्ममध्येही ते रिकामंच, खरं सामान दुसरीकडून ओढून आणायचं. ट्रिक्सीत पाटीही काढली. त्याजागी लिबजीएल१ लिहा. पण तुम्ही सर्व्हरवर सह्या कापताय, खिडकी उघडून कुणाला चित्र दाखवत नाही. मग पायथनच्या यादीत ओपनसीव्ही-पायथनऐवजी ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस घ्या, लिबजीएलची गरजच राहणार नाही. दोन्ही एकत्र ठेवू नका, दोघं एकाच नावाच्या फोल्डरमध्ये घुसतात आणि मग कुठलं चालतंय ते देवालाच ठाऊक.

लिबग्लिब२.०-०: याचं नाव ट्रिक्सीत लिबग्लिब२.०-०टी६४ झालंय. ६४ बिटी सर्व्हरवर जुनं नाव अजून चालतं, एपीटी 'त्याऐवजी हे घेतो' अशी एक ओळ टाकून पुढे जातं. म्हणूनच तुमच्या एररमध्ये ते दिसत नाही.

डब्ल्यूके: हे गेलं. ते ज्या क्यूटी वेबकिटवर (पान रंगवणाऱ्या इंजिनावर) उभं आहे ते जुनाट झालं, मूळ प्रकल्पाचं कोठार २०२३ च्या सुरुवातीला कुलूपबंद झालं. बुकवर्ममध्ये होतं, ट्रिक्सीत घेतलेलं नाही. नाव बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका.

क्लाउडकर

मग अल्पाइन (दुसरं, छोटं लिनक्स) घ्या की. इमेजही छोटी होईल.

टर्मिनलतात्या

अल्पाइनने तर डब्ल्यूके डेबियनच्या कितीतरी आधी काढलं, ३.१५ पासून नाही. शिवाय तिथे मूळ सी लायब्ररी ग्लिबसीच्या जागी मसल. ज्या पायथन पॅकेजांची मसलसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली फाइल) नाही ती सगळी बसल्या जागी कंपाइल करत बसायचं. एक दुखणं काढायला गेलो आणि तीन आणली असं होईल.

नवा_कंटेनर

ट्रिक्सीच्या इमेजमध्ये बुकवर्मचा सोर्स जोडला तर? /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये एक फाइल टाकली की झालं ना? मी एका व्हिडिओत पाहिलं होतं.

कमांडताई

नको! डेबियनवाल्यांनी या प्रकाराला 'फ्रँकनडेबियन' असं नावच ठेवलंय. डब्ल्यूकेच्या पाठोपाठ जुनं क्यूटी वेबकिट येणार, त्याला जुन्या लायब्ररी लागणार, आणि कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची यावर एपीटी भांडत बसणार. आज बसलं तरी पुढच्या बिल्डला बसेल याची खात्री नाही.

पावतीवाले, तुमची घाई लक्षात घेऊन सांगते. आज फक्त पहिली ओळ बदला: 'पायथन:३.११-स्लिम-बुकवर्म'. एवढंच. बुकवर्म काही मेलेलं नाही, त्याचा दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे. मात्र पायथनच्या अधिकृत इमेजेस साधारण शेवटच्या दोन डेबियन आवृत्त्यांसाठीच बनतात. डेबियन १४ आलं की बुकवर्मचा टॅग ताजा होणं थांबेल. टॅग राहील, पण शिळा.

आणि एक. अपडेट आणि इन्स्टॉल या दोन वेगळ्या रन ओळी ठेवू नका. आजच्या घोळाचं कारण ते नाही, पण पुढचा घोळ तिथूनच येईल. अपडेटचा लेयर (त्या ओळीचा साठवलेला निकाल) कॅशमध्ये बसतो. चार महिन्यांनी तुम्ही इन्स्टॉलच्या ओळीत एक नवं पॅकेज घालता, अपडेटची ओळ तीच असल्याने डॉकर जुनी यादी वापरतो, त्या यादीतली आवृत्ती मिररवरून (पॅकेजं ठेवलेल्या सर्व्हरवरून) गेलेली असते आणि ४०४ येतो. एकाच रनमध्ये, दोन अँपरसँड घालून लिहा, आणि शेवटी /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स मधल्या याद्या पुसा म्हणजे इमेजही हलकी राहील.

पावतीवाला

पहिली ओळ बदलली, दोन रन जोडले, हेडलेस ओपनसीव्ही घेतलं, लिबजीएल काढलं. बिल्ड हिरवं. पावत्या निघाल्या. ताई, तात्या, दंडवत घ्या.

आता पुढचं. डब्ल्यूकेला रामराम करायचा तर त्याच्याऐवजी काय? साचा असा: वर संस्थेचं नाव, बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक, मधे तक्ता, खाली 'रक्कम अक्षरी'. ही अक्षरी रक्कम पानातली जावास्क्रिप्ट लिहिते, 'रुपये बारा हजार पाचशे फक्त' अशी.

टर्मिनलतात्या

दोन वाटा. वीझीप्रिंट किंवा बिनखिडकीचा क्रोमियम ब्राउझर.

वीझीप्रिंट पायथनमधलंच आहे. एपीटीतून लिबपँगो-१.०-०, लिबपँगोएफटी२-१.०-० आणि लिबहार्फबझ-सबसेट० एवढं बसवलं की पुरतं. पँगो आणि हार्फबझ (अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररी) असल्यामुळे जोडाक्षरं, रफार, र्‍हस्व वेलांटी सगळं नीट बसतं. पण ते जावास्क्रिप्ट चालवत नाही, अजिबात नाही. तुमची अक्षरी रक्कम कोरी येईल, आणि एरर येणार नाही, हे जास्त वाईट. ते काम पायथनमध्ये आणा. तसंही पैशाचा मजकूर ब्राउझरच्या भरवशावर सोडलेला मला पटत नाही.

क्रोमियम जावास्क्रिप्ट चालवेल, साचा जसाच्या तसा राहील. पण इमेज चांगलीच फुगेल, आणि कंटेनरमध्ये रूट म्हणून चालवलंत तर --नो-सँडबॉक्स दिल्याशिवाय उठणार नाही. त्यापेक्षा वेगळा वापरकर्ता करा. पावतीसाठी मी तरी वीझीप्रिंटच घेईन.

तिसरी वाटही आहे: मूळ प्रकल्पाच्या गिटहबवर बुकवर्मसाठी तयार डेब फाइल पडलेली आहे. त्यातलं क्यूटी ठिगळ लावलेलं असल्याने एचटीएमएल शीर्षक-तळटीपही चालते, जी डेबियनच्या डब्ल्यूकेत चालत नाही. घ्यायचीच तर डीपीकेजी -आय ने बसवू नका, ते अवलंबित पॅकेजं आणत नाही. एपीटी-गेट इन्स्टॉल आणि पुढे ./ लावून फाइलचं नाव द्या. पण कुलूप लागलेल्या प्रकल्पाच्या फाइलवर पतसंस्थेचं काम किती दिवस ठेवायचं ते तुम्ही बघा.

नवा_कंटेनर

अवांतराबद्दल माफी. मी वीझीप्रिंट स्लिम इमेजमध्ये बसवलंय, पीडीएफ बनते, पण मराठी मजकुराच्या जागी सगळे चौकोन. इंग्रजी नीट दिसतं. वेगळा धागा काढू का?

कमांडताई

कशाला, इथेच घ्या. स्लिममध्ये देवनागरी फाँट नसतोच. फाँटकॉन्फिगसोबत डेजाव्हू येतो, त्यात देवनागरी अक्षरं नाहीत, म्हणून चौकोन. फाँट्स-लोहित-देवा किंवा फाँट्स-नोटो-कोअर बसवा. नोटो-कोअरमध्ये इतर ढीगभर लिप्या येतात, फक्त मराठी हवं तर लोहित पुरे. मग कंटेनरच्या आत एफसी-लिस्ट :लँग=एमआर चालवा. काहीच छापलं नाही तर फाँट अजून पोचलेला नाही. ही कमांडच सापडली नाही तर फाँटकॉन्फिग नावाचं पॅकेज घाला.

नवा_कंटेनर

लोहितने काम झालं. 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णा' दोन्ही व्यवस्थित उमटले. थँक्यू ताई.

पावतीवाला

अपडेट देतो. वेगळ्या शाखेवर ट्रिक्सी आणि वीझीप्रिंट चालू केलं. टॅगमध्ये आता '-ट्रिक्सी' स्पष्ट लिहिलंय. अक्षरी रक्कम पायथनमध्ये आणली. तक्त्याच्या रेघा किंचित हलल्यात, त्या सीएसएसमध्ये बसवतोय. बिल्ड सर्व्हरवर दर सोमवारी --पुल आणि --नो-कॅश लावून एक बिल्ड ठेवलंय, म्हणजे पुन्हा असं काही झालं तर महिनाअखेरीला कळायला नको.

शेवटची शंका: ते लिबग्लिबच्या नावातलं टी६४ म्हणजे काय भानगड? नवं नाव लिहू की जुनंच राहू दे?

टर्मिनलतात्या

ट्रिक्सीवर गेलात तर नवंच लिहा. टी६४ म्हणजे वेळ मोजायला ६४ बिट. ३२ बिटी मोजणी १९ जानेवारी २०३८ ला भरते, म्हणून डेबियनने ३२ बिटी यंत्रांसाठी त्या लायब्ररी बदलल्या आणि जुन्या-नव्याची गल्लत नको म्हणून नावाला हे शेपूट लावलं. तुमच्या ६४ बिटी सर्व्हरवर वेळ आधीपासूनच ६४ बिटी होती, नाव तेवढं बदललं.

पण विषय निघालाच आहे तर मुदत ठेवींच्या टेबलात मुदतपूर्तीची तारीख कशी साठवता ते एकदा बघून घ्या. मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टँप' प्रकारचा रकाना असेल तर त्याचीही हद्द तीच, १९ जानेवारी २०३८. आज कुणी पंधरा वर्षांची ठेव ठेवली तर ती त्या रकान्यात मावणार नाही.

पावतीवाला

बघितलं. टाइमस्टँपच आहे. 'डेट' करायचं मायग्रेशन लिहायला घेतो.