मदत हवी आहे: बाबांना रांगेतलंच जेवण हवंय, गुडघे मात्र ऐकत नाहीत

तिसरा मजला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता डोकं चालेनासं झालंय. दादर-माटुंगा-परळ भागात जेवायला जाणाऱ्यांनी जरा वेळ काढा.

आईबाबांचं लग्न १९७५ चं. डिसेंबरात पन्नास वर्षं होतायत. हॉल, हार, स्टेजवरची खुर्ची असलं काही नको, असं दोघांनीही आधीच बजावलंय. एक जेवण बाहेर, बस. माणसं अकरा: ते दोघं, आम्ही चौघं मुलुंडहून, भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं पुण्याहून, आणि आत्या.

बाबांना हवीय दादरची ती मालवणी खानावळ, जिथे ते गेली कित्येक वर्षं जातायत. तिथे बुकिंग घेत नाहीत. दारात वही घेऊन एक माणूस उभा असतो, त्याला आडनाव आणि आकडा सांगायचा, मग फुटपाथवर उभं राहायचं. बाबांचं वय ७८. एक गुडघा बदललाय, दुसऱ्याची चालढकल सुरू आहे.

वहिनीचं म्हणणं, लोअर परळला छान जागा आहे, ॲपवर टेबल बुक करू, लिफ्ट आहे, एसी आहे. चुकीचं काहीच नाही. पण बाबांचा सिद्धांत ठरलेला: "भायर माणसां उबी नसली तर मासो ताजो नसता." आणि खरं सांगू, तो सिद्धांत मला मनातून पटतो. जिथे दिवसभर ताटं फिरतात तिथे सकाळी आणलेली सुरमई संध्याकाळपर्यंत उरतच नाही.

बुकिंगवरचा त्यांचा विश्वास गेल्या दिवाळीत उडाला. भावाने एके ठिकाणी साडेआठचं टेबल घेतलं होतं. सायनला अडकलो, आठ पन्नासला पोचलो. "सर, पंधरा मिनिटंच होल्ड करतो." टेबल दुसऱ्यांना दिलेलं. मग बुकिंग असूनही चाळीस मिनिटं लॉबीत उभे, आणि वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. बाबा तेव्हापासून म्हणतात, उभंच राहायचं तर फुटपाथवर राहीन, तिथे निदान बांगडा तळल्याचा वास तरी येतो.

मागच्या वेळी त्या खानावळीबाहेर आम्ही पन्नास मिनिटं होतो. बाबा शेजारच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. दुकानदाराने दोनदा गिऱ्हाईक आलं म्हणून उठवलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच उठले आणि काचेला नाक लावून आतली ताटं मोजायला लागले. "हलवा संपलो वाटता, सगळे सुरमईच खातत." शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी तिसऱ्या मिनिटाला गाव निघालं, पाचव्या मिनिटाला दोघांचे कोणीतरी सोयरे एकच निघाले. घरी आल्यावर गुडघा टम्म. चार दिवस बर्फ.

तर प्रश्न एक: अकरा माणसं, एक ७८ वर्षांचा गुडघा आणि बुकिंग न घेणारी जागा, हे गणित कोणी सोडवलंय का?

प्रश्न दोन, याच माणसाचा. त्यांचं दादरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून मी मुलुंडहून माझ्या फोनवरून त्यांचं वाणसामान मागवते. बाबांना ते अजिबात पसंत नाही. डाळ हाताने चोळून बघता येत नाही, हा मुख्य आक्षेप. शिवाय ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी मीटिंगमध्ये असते आणि तो बिचारा मुलगा तिसऱ्या मजल्यावर ताटकळतो. मागच्या आठवड्यात कोलम तांदूळ नव्हता म्हणून बासमतीचा तुकडा आला. आईने त्याची पेज केली आणि बाबांनी ती पाहूनच ताट सरकवलं. गंमत अशी, की जेवायला पाऊण तास उभा राहणारा हा माणूस दहा मिनिटांच्या डिलिव्हरीला बारा मिनिटं लागली की गॅलरीत येरझाऱ्या घालतो.

काही सुचवाल का?

---

कोकमकढी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते कॅलेंडरवर आहे. रविवारी जाऊच नका. रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासे खाणाऱ्यांचे वार, त्या दिवशी दादरला जागा मिळणं म्हणजे विरार फास्टमध्ये खिडकी मिळणं. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि संकष्टीला अर्धी गिऱ्हाइकं उपासाला. मंगळवारी तर दादरकर सिद्धिविनायकाच्या रांगेत असतात, खानावळीच्या नाही. डिसेंबरात मार्गशीर्ष असतो, म्हणजे गुरुवारी अजूनच सामसूम. आधी आईंचा उपास कुठला ते मात्र विचारून घ्या, नाहीतर पन्नासाव्या वर्षी भांडण.

आणि वेळ. बारा वाजता शटरसमोर, एक वाजता नाही.

---

गल्ल्यावरून

मी या धंद्यात वीस वर्षं आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. खानावळवाले बुकिंग घेत नाहीत ते माजामुळे नाही. ताटाचा भाव कमी, कमाई फेऱ्यांवर. एक टेबल दुपारच्या गर्दीत तीन-चार वेळा फिरलं तरच परवडतं. तुमच्यासाठी वीस मिनिटं टेबल रिकामं ठेवलं तर एक फेरी गेली. लोअर परळच्या जागेचं गणित वेगळं, तिथे एका टेबलावर लोक दोन तास बसतात आणि बिलही तसंच येतं, म्हणून तुमची पंधरा मिनिटं ते मोजतात.

आता कामाचं. वहीत "अकरा" लिहूच नका! अकरा माणसांना शेजारशेजारची तीन टेबलं एकाच वेळी रिकामी व्हायला लागतात, ते दुपारी दीड वाजता होणार नाही. "चार, चार, तीन" अशी तीन नावं लिहा. पहिलं चाराचं लागलं की बाबा, आई, आत्या आणि एक मोठा माणूस आत. बाकीचे मागून येतील. एकत्र बसण्याचा हट्ट सोडला की अर्धा तास वाचतो. फक्त आधी विचारा, कारण काही ठिकाणी सगळी माणसं हजर असल्याशिवाय आत सोडत नाहीत.

दुसरं, वही धरणाऱ्या माणसाशी आदल्या दिवशी जाऊन बोला. मालकाशी नाही, वहीवाल्याशी. "बाबांचा गुडघा आहे, लग्नाला पन्नास वर्षं झालीत" एवढं पुरे. टेबल अडवून ठेवणार नाही तो, पण आतली एक खुर्ची गल्ल्याजवळ टाकून देईल. जुन्या गिऱ्हाइकाला एवढं सगळे करतात.

---

मुलुंडकर

माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपीत केळीच्या पानावर जेवण छान मिळतं, बाबांना आवडेल, असं सुचवणार होतो. १९४२ पासूनची जागा. पण पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागेल, आणि मासे नाहीत. सोमवारी बंद. म्हणजे तुमच्या कामाची नाही, उगाच लिहिलं.

कॅफे मद्रासला मात्र वहीची पद्धत किती चोख चालते ते एकदा बघून या. अनोळखी लोकांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं, पण नंबर भराभर सरकतो. आमची आई तिथे फोल्डिंगचं स्टूल घेऊन जाते. कोळीण बसते तसलं नाही हो, ट्रेकिंगवाल्यांच्या दुकानात तीन पायांचं मिळतं, पिशवीत मावतं. पहिल्यांदा आम्हाला लाज वाटली, आता बाहेर उभे असलेले लोक विचारतात कुठून घेतलं.

---

तिसरा मजला

@गल्ल्यावरून, चार-चार-तीन! पन्नास वर्षांत कोणालाच सुचलं नाही हे. धन्यवाद.

@कोकमकढी, आई मार्गशीर्षातले गुरुवार करते. मंगळवार तिला चालतो. बाबांना तर सगळेच वार चालतात.

सर्व्हिस चार्जचं काय? तेव्हा भावाने मुकाट भरला. तो द्यावाच लागतो का?

---

कलम आणि कोथिंबीर

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: हॉटेलला सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सूचना कायम ठेवल्या. बिल आल्यावर शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो. टीप द्यायची तर वाढणाऱ्याच्या हातात द्या, त्याला ती नक्की मिळते.

ॲपच्या बाबतीत एक. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२४ च्या शेवटी ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलंय, की ग्राहकाच्या हातात माल पडेल तेव्हा त्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. आईंना पुड्यामागची तारीख बघायची सवय लावा. आणि सेटिंगमध्ये जाऊन "पर्यायी वस्तू पाठवू नका" असं काही मिळतंय का बघा. असलं तर बासमतीच्या तुकड्याची पेज पुन्हा होणार नाही.

---

पिशवी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी फारसं बघत नाहीये, म्हणून लिहिते.

तुमच्या आईंना विचारा, त्या ग्राहक पंचायतीत होत्या का. मुंबई ग्राहक पंचायतसुद्धा १९७५ चीच, त्यांच्या लग्नाएवढी. आमच्या इमारतीत अजून चालते. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल ठरलेल्या दिवशी एका घरी उतरतो, बायका जमून आपापलं मोजून घेतात. त्यात दहा मिनिटांत काही येत नाही, पण तूरडाळ चोळून बघता येते आणि शेजारणीला बरी वाटली नाही तर ती तिथेच सांगते. महिन्याचं जड सामान असं आणि मधलं दूध-ब्रेड ॲपवर, अशी वाटणी आम्ही केलीय.

आणि वाणी? दादरला कोपऱ्यावर वाणी नाही असं होणार नाही. त्याला व्हॉट्सॲपवर यादी पाठवा, पैसे मुलुंडहून यूपीआयने. त्याचा पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर येतो, ओटीपी मागत नाही, आणि कोलम नसेल तर फोन करून विचारतो. बाबांना हवं तर खाली जाऊन डाळ चोळून येतील, पिशवी पोऱ्या वर आणेल. अमुक चार्ज, तमुक चार्ज असली भानगडही नाही.

ॲप ठेवायचंच असेल तर नंबर आईंचा घाला. ओटीपी वाचायला त्या शिकतील. आमची सासू ८१ ची आहे, शिकली.

---

कोकमकढी

वाण्याला +१. फक्त मासे ऑनलाइन मागवू नका हो. साफ केल्यावरचं वजन आणि आधीचं वजन असे दोन आकडे छापलेले असतात. बाबा ते वाचतील, मग डोकी कुठे गेली हे विचारत बसतील. सार कशाचं करायचं?

---

तिसरा मजला

डोक्यांचा प्रश्न आमच्याकडे खरंच आलेला आहे. ऑगस्टमध्ये. त्यावर वेगळा धागा होईल.

आईला विचारलं. ती पंचायतीत होती! ८० च्या दशकात माल आमच्याच घरी उतरायचा म्हणे, मी त्या पोत्यांवर बसून अभ्यास करायचे. मला फक्त पोती आठवतात, पंचायत नाही.

---

तिसरा मजला

अपडेट द्यायची राहिली.

मंगळवारी गेलो. भावाला एकाच मुलाला घेऊन येता आलं, वहिनीला सुट्टी नव्हती, आमची धाकटी परीक्षेला, म्हणजे आठच झालो. भाऊ आदल्या संध्याकाळी वहीवाल्याला भेटून आला होता. त्याने बाबांना नावाने नाही, पण "ते काचेतून बघणारे आजोबा" म्हणून ओळखलं. बारा वाजता पोचलो, वहीत "चार, चार" लिहिलं. पाच मिनिटांत दोन्ही टेबलं, आणि तीही शेजारशेजार. चपलांच्या दुकानदाराने ओळखीचं हसून हात केला. बाबांनी पायरीकडे बघितलं, पण बसायची वेळच आली नाही.

आत निम्मी टेबलं रिकामी. बाबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि वाढप्याला पहिला प्रश्न केला, "आज माणसां खंय?" तो म्हणाला, "मंगळवार ना काका." मग सुरमई कधीची, हलवा कुठला, बांगडा कोणाकडचा, अशी चौकशी झाली. शेवटी वाढप्याने आतून कच्चा बांगडा ताटलीत आणून कल्ला उघडून दाखवला. लालभडक. तेव्हा कुठे ऑर्डर गेली. आईने मात्र काही न विचारता तिसऱ्या (शिंपल्या) मागवल्या आणि सगळ्यात आधी संपवल्या.

बिलात सर्व्हिस चार्ज नव्हता. कधीच नसतो म्हणे.

वाणसामान आता कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. यादी आई लिहिते, फोटो बाबा काढतात. पहिल्या फोटोत निम्मा अंगठा होता.

तीन पायांचं स्टूल घेतलं होतं, ते पिशवीतून बाहेर निघालंच नाही. सध्या आईने त्यावर तांदळाचा डबा ठेवलाय. बाबांनी फर्मावलंय, पुढच्या वेळी रविवारी जायचं आणि स्टूल न्यायचं.