एकाच राउटरवर तीन संस्था: व्हीआरएफ पुरेल की लॉजिकल सिस्टीम?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या ट्रस्टचं कॉलेज, रुग्णालय आणि वसतिगृह एकाच आवारात आहे. तिघांत मिळून एकच जुनिपर एमएक्स204 राउटर, दुसरा घेण्याइतके पैसे नाहीत. कॉलेज आणि रुग्णालय दोघांकडेही 10.10.0.0/16 हीच आयपी पत्त्यांची रेंज आहे आणि ती सध्या बदलता येणार नाही. म्हणजे राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठली वाट, याच्या याद्या) वेगळी हवीतच. नॅट (पत्ते बदलून देणं) पुढच्या फायरवॉलवर होतं, तो प्रश्न नाही.

व्हीआरएफ किंवा व्हर्च्युअल राउटर इन्स्टन्सने (एकाच राउटरमध्ये वेगळी राउटिंग टेबल ठेवायची सोय) काम भागेल, पण सगळ्यांचं राउटिंग एकाच आरपीडी प्रोसेसमध्ये (राउटिंग सांभाळणारा प्रोग्राम) चालतं. लॉजिकल सिस्टीम (एकाच राउटरचे वेगवेगळे चालणारे भाग) केल्या तर प्रत्येकीला स्वतःची आरपीडी मिळते, शिवाय रुग्णालयाच्या आयटीवाल्यांना त्यांच्या भागापुरतंच लॉगिन देता येतं. मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं; रुग्णांची माहिती जाते त्या वाटेवर दुसऱ्या कुणाचा हात नको. सीपीयू, मेमरी आणि जुनॉस (राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) मात्र सामाईकच राहतात. नोड स्लायसिंगचा (एका राउटरचे जवळपास स्वतंत्र राउटर करण्याचा) विचार सोडलाय, ते एमएक्स480, एमएक्स960 अशा मोठ्या चेसिसचं काम.

अडलंय ते इथे: वसतिगृहातल्या मुलांना कॉलेजच्या लायब्ररी सर्व्हरपर्यंत पोचायचंय. दोन लॉजिकल सिस्टीम एलटी इंटरफेसच्या (राउटरच्या आतल्या आभासी दुव्याच्या) जोडीने जोडायच्या तर टनेल सर्व्हिसेससाठी, म्हणजे या आतल्या वाहतुकीसाठी, बँडविड्थ राखून ठेवावी लागते. हे कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? रात्रीच्या गर्दीत फरक जाणवतो का? की कॉलेज-वसतिगृह एकाच लॉजिकल सिस्टीममध्ये दोन इन्स्टन्स करून रिब-ग्रुपने (एका टेबलमधले रूट दुसऱ्यात देण्याची सोय) तेवढेच रूट द्यावेत आणि रुग्णालय पूर्ण वेगळं ठेवावं?

चालू कॉन्फिगचा नमुना दाखवलात तर फार मदत होईल.