मदत हवी आहे: कॉपरबँड बटरफ्लायफिश खाद्याला तोंड लावत नाही (परभणी)

सर्व जाणकारांना नमस्कार.

परभणीत आमच्या घरी ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात क्लाऊनफिशची जोडी सुखरूप नांदते आहे. लाइव्ह रॉकवर (सूक्ष्म जीव वसलेल्या समुद्री खडकावर) एप्टेशिया ही समुद्रफुलासारखी उपद्रवी जात माजल्यामुळे त्यांचा फडशा पाडणारा म्हणून मुंबईहून एक कॉपरबँड मागवला. मासा चपळ आहे; लांब चोच खडकाच्या फटीफटीत घालून तो दिवसभर काहीतरी हुडकत असतो, परंतु गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) समोर आले की एक दाणा तोंडात घेतो, क्षणभर थांबतो आणि थुंकून टाकतो. एप्टेशियाकडे तर त्याने ढुंकूनही पाहिलेले नाही. डोक्यामागे पाठीचा भाग आता किंचित बसल्यासारखा दिसतो, म्हणून काळजी वाटते.

बोअरच्या पाण्याने आमच्याकडे भांड्यांवरही पांढरा थर धरतो, त्यामुळे टाकीसाठी आरओचेच पाणी वापरतो. सापेक्ष घनता १.०२५, तापमान २६ ते २७ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. समुद्री शिंपल्या इथे मिळत नाहीत. बाजारात येतात ते रोहू-कटला आणि गोड्या पाण्यातले झिंगे. त्यांचे मांस बारीक करून दिले तर चालेल काय? शिवाय उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि वीजही जाते, तेव्हा चिलरविना (पाणी थंड करणाऱ्या यंत्राविना) हा मासा तगेल का, याबद्दलही मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मासा हुडकतो आहे, हे लक्षण चांगले आहे. कोपऱ्यात निपचित उभा असता तर मी एवढ्या भरवशाने लिहिले नसते. कॉपरबँड फटींतले किडे आणि लहान कवचधारी जीव टिपून खातो, त्यामुळे पाण्यात तरंगत येणारा दाणा त्याला अन्न वाटतच नाही. मुंबईहून पुढचे पार्सल येईल तेव्हा त्यातच गोठवलेल्या तिसऱ्या (समुद्री शिंपल्या) मागवा. एक तिसरी उघडून, मांस शिंपेलाच चिकटलेले ठेवून, तो नेहमी टोचतो त्या फटीजवळ ठेवा आणि त्याच वेळी क्लाऊनफिशना दुसऱ्या टोकाला खाद्य द्या, नाहीतर तेच आधी ताव मारतील. काही तासांत उरलेले मांस मात्र आठवणीने काढा, कारण ते कुजले की अमोनिया वाढतो.

तोवर घरीच आर्टिमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची) अंडी उबवा. साधारण २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात हवा सोडत ठेवली की सुमारे २४ तासांत पिल्ले निघतात, आणि हालणारे काही दिसले की हट्टी मासाही चोच मारतो. नुसत्या त्यांच्यावर एवढ्या मोठ्या माशाचे पोट भरणार नाही, पण खाण्याची सवय मोडणार नाही. रोहू-कटल्याचे मांस एखाद्या वेळी चालून जाईल, तथापि समुद्री माशाला लागणारी स्निग्धाम्ले त्यात पुरेशी नसल्याने त्यावर त्याला पोसू नये. एप्टेशियाचे म्हणाल तर प्रत्येक कॉपरबँड ती खातोच असे नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

उन्हाळ्याची भीती मला तितकीशी वाटत नाही. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते; पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पंखा निकामी ठरतो. उडते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच घालावी. खोलीच तापली असेल तर पंखा पुरणार नाही, तेव्हा टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा एअरपंप जवळ असू द्या.

एक विचारायचे राहिले: त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसते का? तसे असेल तर पोटातल्या परजीवींचा संशय घ्यावा लागेल आणि उपचार वेगळ्या टाकीत करावे लागतील. तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत कदापि घालू नका, खडकांवरचे सारे जीव त्याने मरतील.

मूळ धागाकर्ता

आपण सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. विष्ठा तपकिरी आहे, दोऱ्यासारखी नाही. टाकी पश्चिमेच्याच भिंतीला आहे, ती या आठवड्यात हलवतो आणि तिसऱ्यांची मागणी आजच नोंदवतो. आर्टिमियाची पिल्ले टाकताना पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) किती वेळ बंद ठेवावे, एवढे कृपया सांगावे.