संगणक अभियंत्याने पहिलीच निवडणूक थेट लोकसभेची लढवावी का?

पायवाट (धागाकर्ती)
सॉफ्टवेअरमधली माझी एक मैत्रीण पुढची लोकसभा लढवायची म्हणते आहे. आधी कुठलं पद नाही, घरात राजकारण नाही. माझं मत: तिने जरूर लढावं. डेटा संरक्षणाचं २०१९ चं विधेयक संयुक्त संसदीय समितीने दोन वर्षं तपासलं आणि २०२२ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. नवं विधेयक समितीकडे गेलंच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लोकसभेत गदारोळातच आवाजी मतदानाने मंजूर झालं. आपली माहिती कोण, कशासाठी, किती काळ ठेवणार हे असं ठरत असेल, तर डेटाबेस आतून पाहिलेलं माणूस तिथे हवंच.

नाक्यावरचा
असहमत. २०१४ मध्ये नंदन नीलेकणी दक्षिण बंगळूरमधून काँग्रेसतर्फे उभे होते. इन्फोसिसचे सहसंस्थापक, आधारची उभारणी केलेले, पैशाची ददात नाही, शहरही आयटीचं. तरी भाजपचे अनंत कुमार यांनी त्यांना सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. अनंत कुमार तिथून १९९६ पासून निवडून येत होते. मतदारयादीतून नाव गळालं की कुणाला फोन करायचा, हे लोकांना माहीत असतं. मैत्रिणीला म्हणावं, आधी नगरसेवक हो.

पायवाट
२०१४ ची लाट विसरू नका, भलेभले वाहून गेले. आणि नगरसेवक कसं व्हायचं? मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुकीला जानेवारी २०२६ उजाडला. तोवर कारभार प्रशासकांच्या हाती. खालची पायरीच जागेवर नसेल तर माणसाने वाट किती बघायची?

साधा मतदार
हरणं-जिंकणं बाजूला ठेवू. निवडून आली तरी पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत दिलं, तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) खासदारकी जाऊ शकते. मग ज्ञानाचा उपयोग काय?

आणि मला जास्त खटकतं ते वेगळंच. याच डेटा कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायदा बदलला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंधित माहिती नुसती 'वैयक्तिक' म्हणून नाकारता येत नसे. ती अट काढून टाकली. यावर सर्वांत जोरात कोण बोललं? माहिती अधिकार कार्यकर्ते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात जनसुनावण्यांत मजुरांचे हजेरीपट जाहीर वाचले, त्यातून हा हक्क उभा राहिला. नाव उघड झाल्याशिवाय खोटी हजेरी पकडता येत नाही, हे त्या मजुरांना पक्कं ठाऊक होतं. ही समज कोडिंगमधून येत नाही.

निळी शाई
शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण संसदीय समित्यांत व्हिप लागत नाही. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही तर नोंद कुठे होते, ती कोण पाहतं, धान्य नाकारल्याचा हिशेब कुठे दिसतो, हे खोदून विचारणारा खासदार लागतो. गुळमुळीत उत्तर आलं, तर अभियंत्याला ते लगेच कळेल.

नाक्यावरचा
समितीत बसायला आधी निवडून यावं लागतं, निळी शाई. पायवाट, मतदारसंघ कुठला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तिथल्या रेशन दुकानासमोरच्या रांगेत ती कधी उभी राहिली आहे का?

पायवाट
मतदारसंघ तिच्या आजोळचा. रांगेचं तिला आजच विचारते.