पल्मनरी हायपरटेन्शन : पालकांच्या पत्रकात कोणता शब्द लिहावा?

शब्दशोध
अपुऱ्या दिवसांच्या बाळांना घरी सोडताना पालकांच्या हाती द्यायचे पत्रक मराठीत करायचे आहे. विषय : ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया, म्हणजे बीपीडी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार), आणि त्यामागून येणारे पल्मनरी हायपरटेन्शन. 'फुप्फुसीय उच्च रक्तदाब' हा शब्द लगेच सुचतो. तो चालेल का? आणि फुप्फुस की फुफ्फुस?

लेखनिक
फुप्फुस. तत्सम शब्दात महाप्राण व्यंजन दुप्पट झाले की आधीचे अल्पप्राण लिहायचे. छापून दोन्ही येतात. पत्रकात एकच रूप ठेवा.

नवजात कक्ष
'फुप्फुसीय' चालेल, पण 'उच्च रक्तदाब' घात करतो. मराठी कानाला रक्तदाब म्हणजे बीपी, आणि बीपी म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा. मग घरची माणसे जवळच्या दवाखान्यात बाळाचे बीपी मोजून घेतात, ते बरोबर निघते आणि गोळी बंद होते. दंडातला दाब आणि फुप्फुसात जाणाऱ्या नळीतला दाब ही दोन वेगळी मापे आहेत. मोठ्या माणसात फुप्फुसधमनीचा सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर पारा असतो, अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीत नव्वदच्या आसपास. पहिल्या नळीत तो चढला तरी पट्ट्याला कळत नाही.

'हायपरटेन्शन' जसाच्या तसा ठेवणेही नको. मराठीत टेन्शन म्हणजे काळजी. "गरोदरपणी तू टेन्शन घेतलंस, म्हणून बाळाला हे झालं," असे सासरी ऐकवले जाते. त्या बाईचा यात काहीही दोष नाही, हे वाक्य पत्रकात ठळक छापा.

माझी सूचना : 'फुप्फुसधमनीचा वाढलेला दाब'. लांब आहे, पण खोटे काही सांगत नाही.

रोहिणी-नीला
धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची आणि शिरा म्हणजे अशुद्ध रक्ताची, हे शाळेतून पक्के झालेले असते. धमनी-शिरांच्या रोहिणी-नीला या जोडीत तर तांबडा-निळा रंगच नावात आला. फुप्फुसधमनी त्याला अपवाद : तिच्यात प्राणवायू कमी झालेले काळपट रक्त असते. म्हणून पहिल्यांदा 'हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणारी नळी' असे लिहा, पुढे फुप्फुसधमनी. 'अशुद्ध' शब्द टाळा. तो वाचून पालक रक्त शुद्ध करणारे काढे शोधू लागतात.

शब्दशोध
जन्मतःच होणारे पीपीएचएन (पर्सिस्टंट पल्मनरी हायपरटेन्शन ऑफ द न्यूबॉर्न) आणि बीपीडीतले हे एकच का?

नवजात कक्ष
नाही. पोटात असताना बाळाची फुप्फुसे श्वासाच्या कामाची नसतात, तिथला दाब चढाच असतो. जन्मल्यावर तो झपाट्याने उतरायला लागतो आणि दोन-तीन महिन्यांत मोठ्या माणसाच्या पातळीला येतो. पीपीएचएन म्हणजे 'न उतरलेला दाब'. बीपीडीतला आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो : हवेच्या पिशव्या कमी, भोवतीच्या रक्तवाहिन्याही कमी, आहेत त्या जाड भिंतीच्या. म्हणून मध्यम ते तीव्र बीपीडी असेल तर आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या ३६व्या आठवड्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, बाळ बाहेरून बरे दिसत असले तरी.

इको कक्ष
रिपोर्टमधले शब्दही पत्रकात घ्या. 'झडप लीक आहे' वाचून पालक हादरतात आणि ऑपरेशन कधी, असे विचारतात. खरे तर थोड्याशा गळतीच्या वेगावरूनच आम्ही दाब काढतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर वेगाचा वर्ग गुणिले ४, म्हणजे ३६ मिलिमीटर पारा. त्यात उजव्या कर्णिकेचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) दाब, धरा ५, मिळवला की ४१.

दुसरी गफलत इथेच होते. पल्मनरी हायपरटेन्शनच्या व्याख्येतला आकडा 'सरासरी २०च्या वर' असा आहे (२०१८ पूर्वी तो २५ होता), आणि तो तीन महिन्यांपुढच्या बाळांसाठी. इकोतला ४१ हा हृदयाच्या आकुंचनाच्या क्षणाचा. दोन्ही शेजारी ठेवून 'दुप्पट झाला' म्हणू नये. आणि गळती दिसली नाही म्हणजे दाब नाही, असेही नाही. तेव्हा दोन जवनिकांमधला (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधला) पडदा डावीकडे चपटा झालाय का ते पाहतात.

शब्दशोध
'राइट हार्ट फेल्युअर'?

लेखनिक
'हार्ट फेल' मराठीत मृत्यूचे कारण आहे. "हार्ट फेल झालं आणि गेले" असे आपण म्हणतो. 'हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला आहे, ती थकते आहे' असे लिहा. 'क्रॉनिक'ला 'जुनाट' नको; तीन महिन्यांच्या जिवाला जुनाट काय असणार? 'लांबलेला' बरा. फुप्फुसे पहिली काही वर्षे वाढत राहतात आणि बऱ्याच बाळांचा दाब त्याबरोबर उतरतो, तेही त्या शब्दात बसते.

परिचारिका
सगळ्यात अवघड शब्द म्हणजे ऑक्सिजन. "ऑक्सिजनवर आहे" याचा अर्थ आपल्याकडे शेवटची घटका. पाहुणे यायच्या वेळी नळी काढून ठेवतात, बाळ गुलाबी दिसले की काढतात. पत्रकात 'ऑक्सिजन हे औषध आहे' असेच लिहा आणि कारण द्या : फुप्फुसात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. दाब चढलेल्या बाळात ऑक्सिमीटरवर ९२ ते ९५ टक्के राखतात. डोळ्यांना निळेपणा दिसेपर्यंत आकडा बराच खाली गेलेला असतो, आणि सावळ्या बाळात ओठांपेक्षा जीभ व हिरड्या पाहाव्या लागतात.

आकडा बहुधा दूध पिताना आणि झोपेत घसरतो. घसरला की आधी नळीला पीळ पडलाय का, नाकातली टोके सरकलीत का, पायाचा चिमटा सैल झालाय का, ते बघायचे. पाय हलत असताना आकड्यावर भरवसा नको. सिलिंडरचा मोठा फ्लोमीटर (प्रवाह मोजणारे यंत्र) मिनिटाला १ लिटरपासून मोजतो. बाळाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन लागत असेल तर कमी प्रवाहाचा वेगळा फ्लोमीटर मागून घ्या.

लक्षणे आयांच्या शब्दांत लिहा : पोट उडणे, बरगड्यांखाली खड्डे पडणे, दूध ओढताना कपाळाला घाम, रडताना काळेनिळे पडणे, वजन न वाढणे. मेळघाटासाठी पत्रक असेल तर डंब्याचा, म्हणजे आजारी बाळाच्या पोटावर चटके देण्याच्या प्रथेचा, उल्लेख हवाच. चटक्यांनी श्वास सुधारत नाही, रडून ऑक्सिजन आणखी घसरतो.

औषधनिर्माता
'मिली' हा शब्द पत्रकातून हद्दपार करा. बोलण्यात तो मिलिग्रामही असतो आणि मिलिलिटरही. सिल्डेनाफिल (फुप्फुसातला दाब उतरवणारे औषध) साधारण किलोला ०.५ ते १ मिलिग्राम, दिवसातून तीनदा, डॉक्टर ठरवतात. ४ किलोच्या बाळाला ४ मिलिग्राम सांगितले आणि द्रावण मिलिलिटरला १० मिलिग्रामचे असेल, तर सिरिंजमध्ये ०.४ मिलिलिटर. "चार मिली" म्हटले की दहापट जाते. दोन्ही एकके पूर्ण लिहा, सिरिंजवर रेघ मारून द्या. मनाने बंद करू नये, दाब उसळतो. आणि हे औषध पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी वेगळ्या नावाने विकले जाते, हेही आधीच सांगा. शेजाऱ्याकडून कळले की बाटली फेकली जाते.

शब्दशोध
पहिले वाक्य असे करतो : 'तुमच्या बाळाच्या हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळीतला दाब वाढला आहे. हे दंडावर मोजायचे बीपी नव्हे.'

नवजात कक्ष
'नव्हे'च्या जागी 'नाही' करा, आणि त्यालाच जोडून लिहा : 'दंडाचे बीपी बरोबर आले तरी औषध आणि ऑक्सिजन चालू ठेवा.'