मदत हवी आहे: अपघातात भावाचा जबडा मोडलाय, प्लेट टाकायची की दात तारेने बांधायचे?

माणदेशी

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, थोडं विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २४, गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्ट संपवून बाईकवरून घरी येत होता, शिरवळच्या पुढे कुत्रं आडवं आलं आणि गाडी घसरली. हेल्मेट होतं पण अर्धं, ज्यात हनुवटी उघडीच राहते ते. सगळा मार हनुवटीवर बसला. शुद्ध गेली नव्हती, उलटी झाली नाही, मेंदूचा सीटी नॉर्मल आलाय, मानेचा एक्स-रे पण ठीक आहे, त्यामुळे जीवावरचं दातांवर निभावलं असं सगळे म्हणतायत. पण चेहऱ्याच्या सीटीत जबडा दोन ठिकाणी मोडलेला दिसतोय, एक उजवीकडे सुळ्याच्या खाली आणि दुसरं डावीकडे कानापुढच्या सांध्याशी, रिपोर्टात त्याला कॉन्डाइल म्हटलंय. शिवाय वरच्या पुढच्या दातांपैकी एक पूर्ण निखळून रस्त्यावरच राहिला, शेजारचा खाली लोंबत होता तो शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवून बसवलाय आणि तिसरा अर्धा तुटलाय.

तोंड मिटलं की डावीकडच्या दाढा आधी टेकतात आणि पुढे फट राहते, त्यातून जीभ दिसते. उघडायला गेला की जबडा डावीकडे ओढला जातो आणि जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच उघडतं. उजव्या बाजूचा खालचा ओठ बधिर आहे, चहा ओघळला तरी त्याला कळत नाही.

आता गोंधळ असा की एक सर्जन म्हणतात पुढच्या फ्रॅक्चरला प्लेट टाकू, सांध्याला हात लावायचा नाही, वरचे-खालचे दात रबराने एकमेकांना बांधून ठेवू. दुसरे म्हणतात दोन्हीकडे प्लेटा टाकायच्या, नाहीतर चेहरा तिरका राहील. गावाहून काकांचा फोन, जबड्याला कशाला ऑपरेशन, आपोआप जुळतं. आई रडून रडून अर्धी झालीय. सूज उतरेपर्यंत थांबा म्हणालेत, पण हे थांबणं किती दिवस चालतं? ओठाची जाणीव परत येते का? दातांचं काय? आणि मेडिक्लेमवाले 'डेंटल' म्हणून हात वर करतील का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

कृष्णाकाठ

ताई, मी याच विषयातला आहे, म्हणजे ओरल आणि मॅक्सिलोफेशियल सर्जरी. फिल्म न बघता निर्णय सांगणं बरोबर नाही, तो तुमच्या सर्जननीच घ्यायचा, पण त्यांना काय विचारायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तुमच्या भावाचं फ्रॅक्चर अगदी नेहमीचं आहे. हनुवटीवर मार बसला की जोर हाडातून मागे सांध्यापर्यंत जातो, त्यामुळे पुढे एका बाजूला आणि मागे विरुद्ध बाजूला कॉन्डाइल अशी जोडी आम्ही कायम बघतो. डावा सांधा मोडून ती बाजू आखूड झालीय म्हणून डाव्या दाढा आधी टेकतायत, आणि उघडताना जबडा मोडलेल्या बाजूलाच वळतो. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं एकमेकांशी जुळतं.

काकांना सांगा, हाड आपोआप जुळतं हे खरंय, पण कुठल्या जागी जुळेल हे कोण बघणार? हातापायाच्या हाडात थोडाफार फरक शरीर चालवून घेतं. जबड्यात दातावर दात बसतात, तिथे एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी माणसाला घास चावता येत नाही. या ऑपरेशनचा खरा उद्देश एक्स-रे सुंदर दिसणं हा नसतोच, अपघाताआधी दात जसे बसायचे तसे परत बसवणं हा असतो. म्हणून टेबलावर आधी दात तारेने एकमेकांना बांधून योग्य जागी आणतात आणि मगच प्लेट लावतात. भुलीची नळी पण याच कारणाने तोंडातून न घालता नाकातून घालतात, तेवढं आईला आधी सांगून ठेवा म्हणजे बघून घाबरणार नाहीत.

पुढच्या फ्रॅक्चरला प्लेट यावर दोघांचं एकमत आहे आणि मला पण तेच वाटतं. टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा असतात, बहुतेक वेळा दोन, हिरडीच्या आतून चीर देऊन लावतात, बाहेर व्रण दिसत नाही. त्रास झाला नाही तर त्या आयुष्यभर आत राहतात, पुढे एमआरआय करायला पण साधारण अडचण येत नाही.

सांध्याच्या बाबतीत दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यांना दोन आकडे विचारा: तुकडा किती अंशांनी वाकलाय आणि ती बाजू किती मिलिमीटर आखूड झालीय. साधारण १० अंशांपेक्षा जास्त वाकलं असेल किंवा २ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड झालं असेल तर मोठ्या माणसात उघडून प्लेट लावण्याकडे कल असतो, त्याहून कमी असेल तर रबरांवर छान निभावतं. उघडायचं म्हटलं तर कानाच्या आसपास किंवा जबड्याच्या मागे चीर येते, आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस तिथूनच जाते. ती क्वचित काही काळ मंदावते, म्हणून अशा केस नेहमी करणारा हात हवा. किती केस केल्यात हे बिनधास्त विचारा, चांगला सर्जन रागावत नाही. न उघडता करायचं ठरलं तर सांधा जास्त काळ बांधून ठेवायचा नसतो, तो आखडतो. साधारण दोन आठवडे, मग सैल रबर आणि व्यायाम.

थांबण्याबद्दल, सूज उतरायला पाच-सात दिवस थांबणं चालतं, पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालं की बरं. त्यापुढे हाड चुकीच्या जागी धरायला लागतं, मग ते परत तोडून बसवावं लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मतासाठी फिरण्यात हा वेळ घालवू नका ही कळकळीची विनंती.

ओठाची नस फ्रॅक्चरच्या अगदी शेजारून बाहेर येते, बहुतेक वेळा ती दबलेली किंवा ताणलेली असते, जाणीव आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू परत येते, आधी मुंग्या येतात. काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो हे पण सांगून ठेवतो. तोपर्यंत गरम चहा-सूप कोमट करूनच द्या, भाजलेलं कळत नाही.

आणि एक महत्त्वाचं, अर्ध्या तुटलेल्या दाताचा तुकडा सापडला का? ओठावर जखम असेल तर आत टणक गाठ लागते का हाताने बघा. तुकडा ओठात अडकून वरून टाके पडलेले मी पाहिलेत. छातीचा एक्स-रे झालाय का ते पण बघा, तुकडा श्वासनलिकेत गेलेला नसावा.

वाईकर८८

माणदेशीताई, धीर धरा. मी यातून गेलोय, माझे पण दात बांधलेले होते. ऑपरेशनपेक्षा नंतरचं खाणं हाच मोठा प्रश्न असतो, कारण तोंड बंद असतं आणि पोट तर मागतच असतं.

आमच्याकडे नाचणीची आंबील, मुगाचं कढण, भाताची पेज, ताक, चिकन सूप असं सगळं चाललं, पण प्रत्येक गोष्ट मिक्सरमधून काढून वर गाळणीने गाळायची, डाळीचं एक साल तारेत अडकलं तरी जीव नकोसा होतो. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि मऊ रबरी नळी आणा, शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या आतून जागा असते, तिथून हळू सोडायचं. तूप, शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून, दुधात पनीर फेटून घालत राहा, नाहीतर वजन धाडकन उतरतं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं.

दोन गोष्टी उशाशी हव्यातच. तारा असतील तर तार कापायची पक्कड, रबर असतील तर छोटी कात्री. कुठली तार कापायची ते डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. उलटी आली तर माणसाला पुढे वाकवायचं, आडवं ठेवायचं नाही. ब्रश लहान मुलांचा मऊ, प्रत्येक खाण्यानंतर, आणि डॉक्टर देतात त्या माउथवॉशने गुळण्या. तार गालाला टोचत असेल तर क्लिपवाल्यांना देतात तसलं मेण मिळतं, ते लावायचं. बोलणं दातांतल्या दातांत होतं पण कळतं सगळं, तरी वही-पेन जवळ द्या, पहिले दिवस बरं पडतं.

आणि भाऊ तंबाखू-गुटखा खात असेल किंवा सिगरेट ओढत असेल तर आत्ताच बंद. माझ्या शेजारच्या बेडवरच्या माणसाची प्लेट त्यानेच पिकली, परत उघडावं लागलं.

निशिगंधा_त

मी एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला काम करते म्हणून पैशांचं लिहिते.

रस्त्यावरचा अपघात आहे म्हणजे एमएलसी (हॉस्पिटल पोलिसांसाठी करतं ती नोंद) झालेलीच असेल, त्याची कॉपी घ्या. पोलिसांत नोंद झालीय ना ते बघा. मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, पण अपघातामुळे ॲडमिट होऊन केलेलं असेल तर ते साधारण चालतं. सगळं अडतं ते कागदावरच्या शब्दांवर. डिस्चार्ज समरीत 'रस्ता अपघात, जबड्याचं फ्रॅक्चर, भूल देऊन प्लेट' असं स्वच्छ हवं, नुसतं 'डेंटल ट्रीटमेंट' असेल तर क्वेरी येणारच. नंतरचं इम्प्लांट, कॅप हे ओपीडीत होतं, ते बऱ्याचदा मिळत नाही, त्याची तयारी ठेवा. सीटीच्या फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवा. भाऊ कंपनीत आहे तर ईएसआय (कामगार विमा) किंवा ग्रुप पॉलिसी आहे का ते एचआरला आजच विचारा.

पॉलिसी नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हॉस्पिटल योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यांच्या पॅकेजमध्ये बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. २०२५ पासून केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना पण आहे, ठरलेल्या हॉस्पिटलात दीड लाखापर्यंत, पण फक्त अपघातापासून ७ दिवस. तुमची मुदत बहुतेक गेली असेल, बाकी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. खर्च अगदीच झेपणार नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि नायरचं डेंटल कॉलेज, दोन्हीकडे ही ऑपरेशनं होतात.

माणदेशी

सगळ्यांचे खूप खूप आभार. कृष्णाकाठ सर, तुम्ही लिहिल्यावर मी रात्रीच त्याच्या वरच्या ओठाला हात लावून बघितलं, टाक्यांच्या शेजारी खरंच टणक लागत होतं. आम्ही सगळे ती सूजच समजत होतो. सकाळी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ओठाच्या आत छोटी फिल्म धरून एक्स-रे काढला तर दाताचा त्रिकोणी तुकडा स्पष्ट दिसला. तिथल्या तिथे बधिर करून काढला. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. छातीचा एक्स-रे पण काढला, तो ठीक आहे.

आकडे विचारले. ती बाजू ४ मिलिमीटर आखूड झालीय आणि सांध्याचा तुकडा बराच आत वाकलाय. हे ऐकल्यावर पहिले सर्जन स्वतःच म्हणाले की सांधा उघडलेला बरा, त्यांनी आधी ओपीजीवरून (पूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे) मत दिलं होतं, सीटीच्या नव्या फिल्म नंतर बघितल्या. आता दोन्हीकडे प्लेटा ठरल्यात, सोमवारी ऑपरेशन आहे. काकांना पण समजावलं. दातांचं तेवढं कोणी सांगा, लोंबणाऱ्या दाताचं लगेच रूट कॅनल करायचं का? आणि निखळलेल्या जागी काय?

कृष्णाकाठ

वा, वेळेत झालं हे फार बरं झालं.

बसवलेल्या दाताची तार साधारण दोन आठवडे ठेवतात, भोवतालचं हाड पण मोडलं असेल तर चार. रूट कॅनलची घाई नको. मार बसलेला दात टेस्टला दोन-तीन महिने उत्तर देत नाही आणि नंतर जिवंत निघतो असं होतं. रंग काळपट झाला, हिरडीवर पुळी आली किंवा एक्स-रेत मुळाशी डाग दिसला तर मात्र लगेच करायचं. तुटलेल्या दातात नस उघडी पडलीय का ते बघून कॅप की नुसतं फिलिंग ते ठरेल, आणि सापडलेला तुकडा टाकून देऊ नका, पाण्यात भिजवून ठेवा, बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो, रंगाची कटकटच राहत नाही.

निखळलेल्या जागी आत्ता काही नाही. तोंड नीट उघडायला लागलं की एका दाताची काढघालीची कवळी, आणि जागा भरून आल्यावर, धरा तीन ते सहा महिन्यांनी, इम्प्लांट किंवा ब्रिज.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: मोठ्या माणसाचा किंवा मुलाचा पक्का दात निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या त्याच खोबणीत बसवून रुमाल चावायला द्या. ते जमत नसेल तर दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे पोचा, कोरड्या कागदात गुंडाळू नका. दुधाचे दात मात्र परत बसवायचे नसतात.

माणदेशी

अपडेट: ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन्ही बाजूच्या दाढा एकदम टेकतायत, पुढची फट गेली. डावी भुवई उचलायला थोडी कमी पडते, डॉक्टर म्हणाले नस ताणली गेलीय, येईल परत. रात्री हलके रबर लावायला सांगितलेत. वाईकरदादा, तोंड उघडायचा व्यायाम तुम्ही कसा केलात? त्याला दुखतं म्हणून तो टाळतोय.

वाईकर८८

डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलाय ना, मग टाळू देऊ नका. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन घ्या, थप्पी करून दातांमध्ये हळू सरकवायची, जेवढ्या बसतात तेवढ्यांवर थोडा वेळ थांबायचं, दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. आधी गरम पाण्याचा शेक दिला की कमी दुखतं. समोर आरसा ठेवायचा आणि उघडताना हनुवटी सरळ खाली जातेय ना ते बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी मावली की झालं, तोपर्यंत पुढचे दात सांभाळून, काड्या दाढांकडून सरकवायच्या.