एकच अर्ज भरायचा तर नाव की लोगो?

अर्जदार३०: मसाल्याच्या नव्या धंद्यात ट्रेडमार्कच्या एकाच अर्जाची ऐपत असेल (टीएम-ए हा नोंदणीचा अर्ज, मसाल्यांचा वर्ग ३०, ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००), तर साध्या अक्षरांत नुसतं नाव नोंदवा. मिरची, पळी, वळणदार अक्षरांसकट लोगो टाकलात की ट्रेडमार्क कायद्याचं कलम १७ आडवं येतं. हक्क अख्ख्या चित्रावर मिळतो, त्यातल्या सुट्या तुकड्यावर नाही.

पाकीटवाली: वाण्याकडे नाव कोण वाचतं? गिऱ्हाईक 'ते लालवालं द्या' म्हणतं. दंतमंजनाचा खटला बघा: कोलगेट विरुद्ध अँकर, दिल्ली उच्च न्यायालय, २००३. नावं पूर्ण वेगळी, तरी एक तृतीयांश लाल नि दोन तृतीयांश पांढऱ्या मांडणीवरून मनाई मिळाली. ट्रॉपिकानाने २००९ मध्ये अमेरिकेत नाव तेच ठेवून खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं. खप घसरला आणि काही आठवड्यांतच जुनं खोकं परत आणावं लागलं.

अर्जदार३०: कोलगेटकडे वर्षानुवर्षांची विक्री होती. पासिंग ऑफला, म्हणजे 'आमच्या नावलौकिकावर दुसरा आपला माल खपवतो' या दाव्याला, तीच लागते. नवा माणूस ती कुठून आणणार?

कलमदार: 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला' नुसत्या अक्षरांत देऊन बघा. कलम ९ ची हरकत ठरलेली, कारण त्यात मालाचं वर्णनही आणि गावही. तिथे लोगोच भरावा लागतो, पण ती वाट लंगडी. तुपाच्या 'कृष्णा'ची नोंदणी नुसत्या नावाची नव्हे, लेबलची (नाव नि चित्र मिळून) होती; दिल्लीच्या न्यायालयाने 'पारुल्स' लावून दुसऱ्याला 'कृष्णा' वापरू दिलं.

पाकीटवाली: मग माटुंग्याचं 'कॅफे मद्रास' हे हॉटेल? तीही लेबलचीच नोंदणी. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाव हाच लेबलचा गाभा मानून दुसऱ्याला रोखलं.

अर्जदार३०: दशकानुदशकं चाललेलं नाव ते. नव्याने त्या निकालावर भिस्त ठेवू नये.

कलमदार: बरं, लोगो टाकायचाच तर काळा-पांढरा टाका. रंगाची मर्यादा नसली की कलम १० प्रमाणे तो सर्व रंगांसाठी धरतात. आणि नोंदवलेलंच रूप छापा. आदिदासचे तीन पट्टे २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात अडकले ते इथेच: नोंदणीत पांढऱ्यावर गडद, बऱ्याच पुराव्यांत गडदावर पांढरे. आपल्याकडे कलम ५५ किरकोळ बदल चालवून घेतं, पण मिरचीच्या जागी पळी आली तर तो किरकोळ नव्हे. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं नि वर तीन महिने वापर नाही असं ठरलं, तर कलम ४७ खाली नोंदणी उडवता येते. म्हणून पाकीट बदलताना वापराचा पुरावा म्हणून जुन्याचे नमुने तारखेच्या बिलांसकट जपा.

पाकीटवाली: काळा-पांढरा मान्य. पण शेजाऱ्याने नाव बदलून फक्त लाल-पिवळी मांडणी उचलली, तर त्या नोंदणीत दाखवायला रंगच नसेल.